गुडघ्याच्या वर, खांद्याच्या खाली

कोल्टन्स फोर्क, पेनसिल्व्हेनिया
२१ ऑक्टोबर, सोमवार

ती. डोलोरेसताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे लिओचा, वाकून नमस्कार (वाकून म्हणजे माझी कंबर जेवढी वाकू देते तेवढाच). तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब काय म्हणतो? मागच्या पत्रात तू लिहिलंस की ‘इकडे सगळं उत्तम आहे’, तेव्हापासून मला घोर लागलाय, कारण आपल्या घराण्यात सगळं उत्तम असल्याचं आजवर कुणी लिहिलेलं नाही. काहीतरी लपवतेयस. संत्र्यांची पेटी पोचली, आभारी आहे. पेटीवर चोवीस छापलंय, आत तेवीस निघाली. मी पोस्टमनला तोंडावर काही बोललो नाही, पण हल्ली तो माझ्याकडे बघायचं टाळतो, यावरून काय ते समज. तुझ्या नवऱ्याची तब्येतही विचारतो. (लॉरेटा पाठीमागे उभी राहून वाचतेय, आणि हे वाक्य आल्याशिवाय ती इथून हलणार नाही.)

पत्र लांबेल, तेव्हा कॉफी करूनच बस. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. दर रविवारी आमची टेस तुला फोन करते आणि तू तिला माझी पत्रं शब्दन् शब्द वाचून दाखवतेस, हे मला पक्कं ठाऊक आहे. नाकारू नकोस. मागच्या महिन्यात दाढदुखीचं मी फक्त तुला लिहिलं होतं, आणि पुढच्या सोमवारी पोरगी लवंगेचं तेल घेऊन दारात हजर. माझी हरकत नाही. ही पांढरी पानं तिला खुशाल वाचून दाखव, मोठ्याने वाच. शेवटचा एक पिवळा कागद आहे, तो मात्र आधी तू एकटीने वाच. त्यात विशेष काही नाही, मला पिवळे कागद संपवायचेत.

आता मुद्दा. आठवड्याभरात ऑर्व्हिल स्टट्झकडून तुझ्या नवऱ्याच्या नावाने एक पाकीट येईल. त्यात एकच प्रश्न असेल: थँक्सगिव्हिंगच्या सकाळी वरचं फायर स्टेशन आणि खालचं फायर स्टेशन यांच्यात जो फुटबॉलचा सामना होतो, त्यात इथून पुढे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गुडघ्यावर किंवा गुडघ्याखाली धडक द्यायची मुभा असावी की नसावी? सभेत मतं समसमान पडली. निर्णय आता तुझ्या नवऱ्याच्या हातात आहे आणि त्याचं उत्तर पाच नोव्हेंबरच्या आत इथं पोचायला हवं. यंदा खालच्या स्टेशनचा क्वार्टरबॅक कोण आहे ते तुला ठाऊकच आहे. आपली टेस.

(पोरगी वरच्या अळीत जन्मली, वरच्या अळीत वाढली. गेल्या वर्षी एकाएकी नदीकाठी भाड्याची खोली घेतली आणि खालच्या स्टेशनात नाव घातलं. मी विचारलं, का गं? म्हणे, खिडकीतून पाणी दिसतं. पाणी! आमच्या तळघरातही दिसतं. खालच्यांकडे चेंडू फेकणारा कुणी उरला नव्हता, हे खरं कारण. बापाच्या स्टेशनाविरुद्ध खेळायचं म्हणून माणूस कुठल्या थराला जातो बघ.)

तर सुरुवात एका चिठ्ठीपासून झाली. हॉलच्या दाराशी खिळ्याला टांगलेला तो जुना रबरी बूट तुला आठवत असेल, ज्यात सूचना टाकतात. त्यात वर्षभरात च्युइंगगमचे कागद सोडून काही पडत नाही. एक ऑक्टोबरला ऑर्व्हिलने बूट उपडा केला तर आतून चिठ्ठी निघाली: ‘क्वार्टरबॅकला गुडघ्यावर किंवा गुडघ्याखाली मारू नये. मारल्यास पंधरा यार्ड दंड.’ खाली सही नाही. अक्षर असलं गचाळ की लिहिणारा एक तर अडाणी असावा नाही तर हलत्या ट्रकमध्ये बसलेला. आणि कागद कुठला? तर आमच्या काउंटी गॅरेजातल्या तपासणीच्या फॉर्मचा फाडलेला कोपरा. म्हणजे ज्याने हे केलं त्याने आळ माझ्यावर यावा म्हणून मुद्दाम माझ्या कामाच्या जागेवरून कागद चोरला. किती पाताळयंत्री माणूस असेल विचार कर.

मी लगेच चौकशीला लागलो. पहिला संशय अर्थातच ऑर्व्हिलवर. चिठ्ठी त्यालाच सापडली, आणि ज्याला सापडते त्यानेच ठेवलेली असते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. शिवाय तो एके काळी खालच्यांचा क्वार्टरबॅक होता आणि अजून जिना उतरताना आईचं नाव घेतो. पण त्याने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने तीच वाक्यं लिहून दाखवली. अक्षर छापल्यासारखं सुरेख. (याचाही मला संशय आला. ज्याच्या मनात काही नाही तो एवढं सुरेख कशाला लिहील?) मग हँक मायर्स. हँक एक्याऐंशीचा आहे, तो आता फक्त झोपायला स्टेशनात येतो, पण झोपलेल्या माणसावर कुणाचं लक्ष नसतं, आणि अशीच माणसं कारस्थानं करतात. त्याच्या खिशात मला पेन नाही सापडलं, अर्धवट खाल्लेला डोनट सापडला.

त्यानंतर मी घरातच चौकशी केली. लॉरेटा केकवर दोन्ही हातांनी नक्षी काढते, म्हणजे डाव्या हाताने वाईट लिहिणं तिला अवघड नाही, आणि शेवटी ती टेसची आई आहे. मी सरळ विचारलं. ती भांडी धुता धुता म्हणाली, “लिओ, तू चौकशी चालू ठेव. तुला शोभते.” आणि हसली. ताई, ही बाई माझ्याकडे बघून कामाच्या दिवशी कधी हसत नाही. तिला काहीतरी माहीत आहे.

आणि रागावू नकोस, पण मी तुझ्या नवऱ्याचाही विचार केला. ज्याचा गुडघा गेला त्याला गुडघ्याची आठवण राहणारच. फ्लोरिडात बसून कुणाकरवी चिठ्ठी टाकून घेणं अशक्य नाही. संत्र्याच्या पेटीत एकाची जागा रिकामी होती. तिथे चिठ्ठी सहज मावली असती. मी एवढंच विचारतो की एक ऑक्टोबरच्या आधी त्याने इकडे कुणाला काही पाठवलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

मग सभा झाली, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, नेहमीसारखी हॉलमध्ये. लॉरेटा आणि बाकीच्या बायकांनी हालुश्की केली होती, कोबी लोण्यात चांगला लाल होईपर्यंत परतलेला, वर नूडल्स. (होकाराच्या बाजूला बसलेल्यांच्या ताटलीत लोणी जास्त होतं. मी बोटाने बघितलं.) दोन्ही स्टेशनांची मिळून एकोणतीस माणसं. ऑर्व्हिलने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला की चेंडू फेकताना माणसाचा सगळा भार पुढच्या पायावर असतो, नजर लांब असते, खालून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. शिडीवर चढलेल्या माणसासारखा असतो तो. आणि शिडीवरच्या माणसाची शिडी आपण ओढत नाही, मग तो आपला कितीही नावडता असो. हे सगळ्यांना पटलं, कारण हॉलमध्ये शिडीवरून न पडलेला एकही माणूस नव्हता.

पण आमच्या लाइनीतली जाडी माणसं उठली. त्यांचं म्हणणं, आमचे गुडघे काय लाकडाचे आहेत? दर वर्षी ढिगाऱ्याखाली आमचे पाय पिरगळतात, त्यासाठी कुणी बुटात चिठ्ठी टाकत नाही. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पळायला लागला तर काय? तेव्हा तो आमच्यासारखाच साधा माणूस, हे ठरलं. मग कुणीतरी म्हणालं, दात पाडल्यापासून (हँकचे) खांद्याच्या वर मारायला आधीच बंदी आहे. आता गुडघ्याखाली बंदी. राहिलं काय? गुडघ्याच्या वर, खांद्याच्या खाली. आणि टेस पाच फूट चार इंच. टपालपेटीएवढी जागा उरते, तीही पळती. पळत्या टपालपेटीवर बरोबर धडकायचं तर माणसाने काय आधी मोजपट्टी लावायची?

सगळ्यांत मोठा वाद ‘ढकललेल्या माणसा’वर झाला. समजा मी सरळ चाललोय, समोरच्याने मला ढकललं आणि मी क्वार्टरबॅकच्या गुडघ्यावर जाऊन पडलो, तर दंड कुणाला? यावर पाऊण तास गेला. शेवटी ऑर्व्हिलने प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. कॉफीचा तो चाळीस कपांचा मोठा थर्मास क्वार्टरबॅक म्हणून मधोमध उभा केला आणि आमच्या ड्वेन बर्कीला सांगितलं, तू चालत ये, आम्ही तुला हळूच ढकलतो. ड्वेन माहीत आहे ना? बर्कींचा धाकटा, दोनशे ऐंशी पौंड, मनाने लोणी. त्याला ढकललं हळूच, पण ड्वेन हळू पडत नाही. थर्मास, टेबल आणि हालुश्कीचं एक अख्खं पातेलं खाली आलं. मग नवा वाद. धडक नळाच्या खाली बसली की वर? आणि थर्मासचा गुडघा म्हणजे नळ की बूड? लोक ओल्या मोज्यांनी पंधरा मिनिटं भांडत होते. हँक मधेच जागा झाला, विचारलं, टर्की झाली का, आणि परत झोपला. ढकललेल्याला माफी, असं ठरलं.

इथवर हवा होकाराकडे होती. मी आपला कोपऱ्यात गप्प बसून माणसं न्याहाळत होतो. तेवढ्यात टेस उठली. तिने कुणाकडे न बघता विचारलं, हा नियम माझ्यासाठी आहे का? मग म्हणाली, “इतकी वर्षं इथे कुणाला कुणाच्या गुडघ्याची पडली नव्हती. मी उभी राहिले आणि सगळ्यांना गुडघे आठवले. माझ्यावर दया म्हणून नियम करणार असाल तर हे माझं हेल्मेट, इथेच ठेवते. आणि हे माझ्या बाबांनी केलं असेल, तर थँक्सगिव्हिंगला मी घरी जेवायलाही यायची नाही.”

आणि ताई, सगळा हॉल माझ्याकडे वळला. माझ्याकडे का, ते देवच जाणे. लॉरेटा तर हातातला डाव धरून अशी उभी की नाटकाला आलीय.

मग मी उठलो. तुला खोटं वाटेल, पण आयुष्यात मी एवढं चांगलं कधी बोललो नाही. मी म्हटलं, मी या नियमाच्या विरुद्ध आहे. हा खेळ आपल्या आजोबांनी काचेच्या कारखान्याची पाळी संपवून, उपाशीपोटी, खडीच्या मैदानात खेळला, तेव्हा कुणी गुडघ्याला नियमाचं पांघरूण घातलं नव्हतं. मी म्हटलं, मी स्वतः एक्क्याण्णव साली रे कॉन्टीला खालून मारलं, चेंडू त्याच्या हातात होता, नियमाने मारलं, आणि मला त्याचा एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. माझ्या मुलीला मऊ गादी नको आहे, आणि मी तिचा बाप आहे, मला तिची नस माहीत आहे. लोकांनी टेबलं बडवली. दोघा-तिघांनी डोळे पुसले. टेस माझ्याकडे बघून हसली आणि खाली बसली. तिचं ते हसू बघून मला खूप बरं वाटलं, असं लिहायला हरकत नाही.

मतदान आपल्या पद्धतीने झालं. प्रत्येकाने आपलं हेल्मेट टेबलावर ठेवायचं, होकार असेल तर तोंड ऑर्व्हिलकडे, नकार असेल तर पाठ. माझ्या भाषणाआधीच ज्यांनी तोंड पुढे करून ठेवलेलं होतं, त्यांतल्या दोघांनी उठून हेल्मेटं फिरवली. मोजलं तेव्हा चौदा तोंडं आणि चौदा पाठी. एकोणतिसावं हँकचं, ते त्याच्या मांडीवर, म्हणजे तटस्थ. त्याला हलवून विचारलं तर म्हणाला, मला पाय हवा. टर्कीचा म्हणाला असावा, पण मत म्हणून धरता येईना.

मग ऑर्व्हिलने जुन्या पंपाच्या कपाटाचं ते दार उघडलं, ज्याच्या आत लाल रंगाने नियम लिहिलेत. नववा नियम: मतं समसमान पडली तर निर्णय त्या हयात माणसाचा, ज्याला या मैदानावर सर्वांत जास्त इजा झाली, कारण खेळाची किंमत त्यालाच ठाऊक. (मी माझ्या कंबरेचा दावा लावून बघितला. पण ती बर्फ उपसताना गेली, मैदानावर नाही, म्हणून फेटाळला. हेही आधीच ठरलेलं वाटलं.) त्याच दारावर लंगड्यांची यादी आहे, त्यात पहिलं नाव रे कॉन्टी, तुझा नवरा. समोर लिहिलंय: ‘डावा गुडघा, कायमचा. हॅव्रिल्का.’ मारणारा म्हणून माझं आडनाव तिथे लाल रंगात आहे हे मी विसरलो होतो. दारावर आता एकाच ओळीची जागा उरलीय.

बाहेर पार्किंगमध्ये ड्वेन माझी वाट बघत होता. शर्टावर सगळा कोबी. तुला सांगायला हवं की गेले तीन उन्हाळे गॅरेजामागे त्याला मीच तयार केलंय. वाळू भरलेलं पिंप उभं करायचं आणि ड्वेनने खालच्या कडीच्या खाली धडक द्यायची. खाली जा, खाली गेलास की कुणीही पडतं, हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं की तो झोपेतही म्हणत असेल. त्याने माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी, म्हणाला, “लिओकाका, काळजी करू नका. तुम्ही शिकवलंत तसंच जाईन, अगदी खाली. तुमचं नाव राखीन.” पोरगा सज्जन आहे. त्यानंतर मी दोनदा चुकीच्या गाडीला किल्ली लावली. पार्किंगमध्ये दिवे कमी आहेत.

त्या रविवारी टेस चेंडू फेकायला आमच्याकडे आली. मागच्या खुराड्याच्या फुटक्या खिडकीतून ती चाळीस यार्डांवरून चेंडू आत टाकते, दहातले आठ. हात तर सोन्याचा आहे. पण एक वाईट खोड आहे आणि ती कितीदा सांगूनही जात नाही. फेकून झाल्यावर ती हलत नाही. पुढचा पाय रोवलेला, हात हवेत, चेंडू कुठे पडतो ते बघत तशीच उभी राहते, चांगले दोन सेकंद. तुझा नवराही असाच उभा राहायचा.

असो. बाकी इकडे ठीक. लॉरेटाने तुला लोणच्याची पाककृती मागितली आहे. देऊ नकोस, ती परत बीट घालेल. तुझ्या नवऱ्याने स्वतःच्या बुद्धीला स्मरून मत द्यावं, मला त्यात काडीचंही म्हणायचं नाही. मी विरुद्ध बोललो, विरुद्ध मत दिलं, आणि त्यावर मी ठाम आहे. (टेस, ऐकतेयस ना? ठाम.)

थोरल्यांना नमस्कार म्हणावं तर आता आपल्या वरचं कुणी उरलं नाही, तेव्हा तो तूच ठेवून घे.

तुझा भाऊ,
लिओ हॅव्रिल्का

(पिवळा कागद)

ता. क. १. एकटी आहेस ना? फोन खाली ठेवलास? बघ एकदा. लॉरेटा चर्चमध्ये गेलीय म्हणून लिहितो. चिठ्ठी मी टाकली. डाव्या हाताने लिहिली, गॅरेजात, हातात दुसरा कागद नव्हता म्हणून फॉर्म फाडला. तो कागद कुणाच्या लक्षात येईल हे मला चिठ्ठी बुटात टाकल्यावर सुचलं, तोवर ऑर्व्हिल हॉलला किल्ली लावत होता. मग सगळ्यांवर संशय घेत फिरण्यावाचून इलाज उरला नाही. लॉरेटाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हँकचा डोनट मी परत ठेवला. आणि संत्री चोवीसच होती. एक मी पोस्टमन फाटकातून बाहेर पडायच्या आत खाल्लं होतं.

ता. क. २. मला वाईट बोलायचं होतं गं. टेसचा संशय जावा म्हणून विरुद्ध उठायचं, चार शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं आणि खाली बसायचं, एवढंच ठरवलं होतं. पंधरा-सोळा तोंडं पुढे होती, माझ्या एका पाठीने काय बिघडणार होतं? पण बोलायला लागलो, लोक टेबलं बडवायला लागले, आणि माझी जीभ काही केल्या थांबेना. दोन हेल्मेटं मी माझ्या डोळ्यांदेखत फिरवली. म्हणून आता विनंती अशी की रेने होकार द्यावा. मी सांगितलं हे कुणाला कळू द्यायचं नाही. ऑर्व्हिलला त्याने असं लिहावं की लिओ हॅव्रिल्का ज्याच्या विरुद्ध आहे त्याच्या बाजूने मी डोळे मिटून आहे. सगळ्यांना पटेल. टेसलाही पटेल, आणि ती जेवायला येईल.

ता. क. ३. रे म्हणेल, मी त्याचं का ऐकू? त्याचं बरोबर आहे. म्हणून हे फक्त तुझ्यासाठी लिहितो. एक्क्याण्णव साली चेंडू त्याच्या हातात नव्हता. सुटला होता. माझ्या डोक्यावरून गेला, त्याची शिवण मला दिसली. रे चेंडू कुठे पडतो ते बघत उभा होता, पुढचा पाय रोवून. मला बाजूने निघून जायला भरपूर वेळ होता. मी पंचविशीतला होतो आणि कुंपणाशी सगळं गाव उभं होतं, म्हणून मी खाली गेलो. तो आवाज तूही ऐकलास, अँब्युलन्सच्या दारात होतीस. तेहतीस वर्षं दर ख्रिसमसला मी ‘हातात होता’ म्हणत आलो, आणि तो ‘सुटला होता’ म्हणून म्हणून शेवटी माझ्याशी फक्त हवामानावर बोलायला लागला. त्या गुडघ्याला इथली थंडी सोसेना म्हणून तुम्ही तिकडे गेलात. माझी एकुलती एक बहीण मी स्वतःच्या खांद्याने फ्लोरिडाला ढकलली, आणि ढकलणारा मीच होतो, मला कुणी ढकललं नव्हतं. त्या रविवारी टेस खुराड्यापाशी तशीच उभी राहिली तेव्हा मी काठीला टेकलो आणि मला ड्वेन दिसला. तिला काही झालं तर दारावर तिच्या नावापुढे पुन्हा आपलंच आडनाव लिहावं लागेल, कारण ड्वेनला शिकवलं कुणी हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला भीती वाटते, ताई.

ता. क. ४. वरचा मजकूर फक्त तुझ्यासाठी असं म्हटलंय, ते खोडलेलं समज. तो भावोजींना वाचून दाखव. शब्दन् शब्द, टेसला दाखवतेस तसाच. त्यांनी मत नकाराचं दिलं तरी दाखव.